धुराच्या चवीची बाटली

भजनाची पिशवी खांद्याला अडकवून मालिनीबाई जिना उतरल्या, तरी हेमचंद्र टिपणीस लगेच जागचे हलले नाहीत. खालचं फाटक कुरकुरलं, की हातातल्या पेपरचं आणखी एक पान वाचायचं आणि मगच बाल्कनीतल्या बादलीकडे जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. टाळ विसरले म्हणून मालिनीबाई एकदा अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या, तेव्हापासूनचा.

"गेली," ते म्हणाले. "आण."

त्यांच्या मुलीने, उमाने, कपाटातल्या चादरींमागून दोन अरुंद ग्लास काढले. बाटली बादलीतल्या पाण्यात, ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली. फ्रिजमध्ये देवाचं दूध असतं, तिथे ही बया चालणार नाही, असं मालिनीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हेमचंद्रांनी वाद घातला नाही. आठवड्याला एक बाटली, तीही घरात, ही सवलत त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. खिशात सरकारी परमिट होतं, पण खरं परमिट मालिनीबाईंचं, असं ते म्हणायचे.

बाटली विदेशी. अंबरनाथच्या रंगांच्या कारखान्यात हेमचंद्र माल तपासणीचे अधिकारी होते. तरुणपणी कारखान्याने त्यांना यंत्रं शिकायला जर्मनीला धाडलं होतं. तिथल्या एका आडगावात, एका म्हाताऱ्याच्या खानावळीत त्यांनी एक बिअर प्यायली. जव धुरावर सुकवून केलेली. तिला चुलीवर करपलेल्या भाकरीचा वास होता. परत आल्यावर कारखाना, संसार, बदलापूरच्या मांजर्लीतला हा फ्लॅट, सगळं रीतीप्रमाणे झालं. ती चव मात्र परत भेटली नाही. तिच्या शोधात ते उल्हासनगरची वाईन शॉप्स धुंडाळायचे. बोटीवरचे खलाशी, आखातातून आलेली माणसं, वकिलातींतले खानसामे, कुणाकुणाच्या हातून एखादी परदेशी बाटली सुटायची आणि फिरत फिरत उल्हासनगरला यायची. ती फळीवर दिसत नसे. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तरच गल्ल्याखालून वर यायची. त्यातही निम्मा माल उल्हासनगरातच जन्माला आलेला. म्हणून आधी पारखायचं, मग प्यायचं.

या पारखण्यात उमा कशी आली, तेही सांगायला हवं. ती अंबरनाथच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन घरी आली तो रविवार होता आणि आई भजनाला गेलेली. बाबांनी अर्धा ग्लास पुढे सरकवला. "चव सांग."

"कडू."

"कडू तर कारलंही असतं आणि काडेचिराइतही. कुठलं कडू?"

त्या प्रश्नाने ती अडकली. इतकी पुस्तकं वाचली होती, पण जिभेवर आलेल्या गोष्टीला नाव द्यायला कुणी तिला सांगितलं नव्हतं. मग तो त्यांचा खेळच झाला. इंग्रजी शब्द वापरायचा नाही, घरातल्या वस्तूंनीच चव सांगायची. कुठली शिळ्या ताकासारखी, कुठली नाचणीच्या आंबिलासारखी, एक तर चक्क खवट खोबऱ्यासारखी. बाटल्यांची खरी नावं दोघांनाही उच्चारता येत नसत. म्हणून लेबलावरच्या चित्रांवरून बारशी व्हायची: घंटावाली, किल्लेवाली. नियम एकच होता. बाटली दोघांनी मिळून उघडायची.

आज बोकडवाली होती. हेमचंद्रांनी ती उजेडाकडे धरून तिरपी केली.

"नख लाव."

उमाने झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. ते एका ठिकाणी अडकलं. बाबांनी ओतलं, आधी तिच्या ग्लासात. रंग गडद, फेस मात्र आला तसा गेला. तिने घोट घेतला.

"बोल."

"जळकी साखर. वरून घातलेली. आणि खाली आपली नेहमीचीच पिवळी."

हेमचंद्रांनी घोट तोंडात घोळवला आणि हसू लागले. "शाब्बास. मूळची आपल्याकडचीच. उल्हासनगरात हिला नुसता सूट शिवलाय. चंदरसारखा मुरलेला दुकानदार फसला म्हणजे कमाल झाली. डोंबिवलीकरांना सांगायला पाहिजे, मुलीला स्वयंपाक जेमतेम येतो, पण नकली माल एका घोटात पकडते."

डोंबिवलीचे गुप्ते म्हणजे उमासाठी सांगून आलेलं स्थळ. थोरल्या काकांनी, अण्णांनी आणलेलं.

"बाबा, आईला सांगायचं का आपण?"

"काय?"

"हेच. मीही घेते ते."

"सांगू की." ते ग्लासात बघत राहिले. "आधी ती धुराची मिळू दे. एकदा तिलाही वास देऊ. मग—"

खालचं फाटक कुरकुरलं.

दोघंही जिथल्या तिथे थिजले. जिन्यावर पावलं वाजू लागली, ओळखीची, जरा जड. उमाने ग्लासातलं उरलेलं सदाफुलीच्या कुंडीत ओतलं, बडीशेपेचा बकाणा भरला आणि हातात येईल ते मासिक उघडून खुर्चीत बसली. ग्लास तेवढा टेबलावरच राहिला.

"पेटीवाल्या बाईंना ताप आलाय," मालिनीबाई दारातूनच म्हणाल्या. "नुसत्या टाळांवर किती कुटणार?" मग त्यांची नजर टेबलावर गेली. "दोन ग्लास कशाला?"

उमाच्या तोंडात बडीशेप तशीच राहिली.

"एकात थंड, एकात कोमट," हेमचंद्र शांतपणे म्हणाले. "तपासायची रीत असते."

"आणि तुझा चेहरा का गं लाल?"

"उकडतंय केवढं," उमा म्हणाली.

मालिनीबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग पिशवी खुंटीला लावून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "घरात काय ते चाललंय, मी बोलत नाही. रस्त्यावर एक थेंब नको."

"मालू, शब्द दिलाय ना मी."

"दादानेही दिला होता."

मालिनीबाईंचा थोरला भाऊ पिऊन मोटारसायकल चालवताना गेला होता. त्या घरात त्याचं नाव निघालं की पुढचं बोलणं संपत असे. हेमचंद्रांनी उरलेली बोकडवाली मोरीत ओतली आणि बायकोसाठी चहा टाकायला आत गेले.

रात्रीची जेवणं झाल्यावर ताटं उचलताना ते उमाच्या कानाशी म्हणाले, "चंदरचा निरोप आलाय. धुराची आलीय म्हणतोय, लेबल वाचून दाखवलं त्याने फोनवर. उद्या कामावरून परस्पर जाऊन आणतो. कुणाला बोलू नकोस."

असं कुजबुजताना ते शाळकरी पोरासारखे दिसत होते.

सोमवारी ते परत आलेच नाहीत.

उल्हासनगरहून बदलापूरला परतताना अंबरनाथच्या पुढच्या वळणावर कुठल्याशा डंपरमधली खडी सांडली होती. तिच्यावरून स्कूटर घसरली. बारवीकडल्या एका पाड्यावरचा चांगो गवताचे भारे विकून परत चालला होता. त्याने टेम्पो थांबवून त्यांना इस्पितळात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. तो आपणहून दुसऱ्या दिवशी चष्मा द्यायला घरी आला आणि विचारलं तेवढं सरळपणाने सांगून गेला.

"वास लय व्हता, काका," तो अण्णांना म्हणाला. "सदरा समदा भिजलेला. फुटक्या बाटलीचा तोंड सदऱ्यातच व्हता. मना वाटला, साहेब पेत पेतच आलं."

अण्णा इस्पितळात सगळ्यांत आधी पोचले होते. टिपणीसांच्या घरातला थोरला माणूस, कोर्टकचेऱ्या पाहिलेला. भावाच्या अंगाला येणारा वास त्यांनी घेतला, आणि घराण्याची अब्रू झाकायची म्हणून डॉक्टरांपुढे हात जोडले. दारूबिरूचं कागदावर काही आणू नका, पोटातलं कुठे तपासणीला पाठवू नका. त्यांच्या शब्दाला मान मिळाला. कुणी लिहिलं नाही आणि कुणी तपासलंही नाही. हेमचंद्र प्यायले होते की नाही हे सांगू शकेल असा एकमेव कागद अण्णांनी मायेपोटी होऊच दिला नाही.

आता उरला होता तो फक्त वास. आणि तो सगळ्या मांजर्लीभर झाला.

मालिनीबाई रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडायच्या, त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या, जणू दुःख त्या बायकांचंच आहे. हेमचंद्रांना ठेवलं होतं त्या जागी पिठावर दिवा लावलेला होता. त्यात तेल घालायला त्या एकदाही उठल्या नाहीत. उमाच घालायची. तिसऱ्या दिवशी वृंदामावशी बहिणीला म्हणाली, "मालू, मोकळी हो गं. असं धरून ठेवू नये."

"काय मोकळं व्हायचं?" मालिनीबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून शब्द दिला होता. म्हणजे त्याच्या आधीही किती वेळा असेच आले असतील, कुणाला माहीत? इतक्या वर्षांत कुठलं खरं होतं नि कुठलं खोटं, ते आता कुणाला विचारू?"

उमा दाराशी होती. तिच्या तोंडाशी शब्द आले. बाबा एकटे पीत नाहीत, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं. पण तुला कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर दिलं की आईच्या हातून नवऱ्यापाठोपाठ मुलगीही जाणार. एका धक्क्यात असलेल्या बाईला दुसरा द्यायचा का? उमा असं स्वतःला समजवायची. आणि मग तिला वाटायचं, हे सगळं आईसाठी आहे की माझ्या कातडीसाठी?

शिवाय एक बारीकशी शंका होती. ती धुराची होती. ज्या चवीसाठी माणसाने आयुष्यभर दुकानं धुंडाळली, ती हातात आल्यावर त्याने एक घोट, एकच घोट, घेतला नसेल कशावरून?

फोटो मोठा करून आणायचा आहे असं सांगून ती सुतकातच घराबाहेर पडली आणि उल्हासनगरला गेली.

कॅम्प एकमधलं चंदरचं दुकान तिने कधी पाहिलं नव्हतं. बाबांच्या बोलण्यातून तेवढं माहीत होतं: कापडवाल्यांची ओळ, मग पापडवाला, मग जाळीचा गल्ला. जाळीपुढे चारपाच पुरुष उभे होते. ती जवळ येताच ते बाजूला झाले आणि निघून मात्र कुणीच गेलं नाही.

"बहनजी, किराणा बाजू में है," जाळीआडून आवाज आला. कुणीतरी हसलं.

"चंदरसेठ तुम्हीच का? टिपणीससाहेबांकडून आले."

"कौन साहब?"

"अंबरनाथच्या कारखान्यातले. स्कूटरवरून यायचे."

"इधर सब स्कूटर पेच आता है. हम नहीं जानते किसी को." चंदर पन्नाशीचा, गोरा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस होता. बोलताना त्याचा हात शटरच्या दांड्याकडे गेला होता. "आप जाओ. ये लेडीज लोग के आने का जगा नहीं है."

उमाला परत फिरावंसं वाटलं. पाठीवर त्या चारपाच जणांच्या नजरा होत्या. तिने जाळीला तोंड लावलं आणि हळू आवाजात म्हटलं, "बोकडवाली नकली होती."

चंदरचा हात थांबला.

"साखर जाळून घातलेली होती. झाकण दुसऱ्यांदा बसवलेलं, कडेला नख अडकत होतं. फेस टिकला नाही."

"साहब ने बोला?"

"साहेबांच्या आधी मी बोलले."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बाहेरच्यांना "पाँच मिनिट, साईं, पाँच मिनिट" म्हणत फळी उचलून तिला आत घेतलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

"तू पार्टनर है?" तो म्हणाला. "अरे बाबा! साहब हमेशा बोलता था, मेरा पार्टनर बड़ा खड़ूस है, चंदर, ऐसा-वैसा माल पास नहीं करेगा. मैं समझा कोई रिटायर दोस्त होगा. टकला, चश्मेवाला." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. खोक्यावरचा कागद झटकून त्याने तिला बसायला जागा केली. "मेरे को दूसरे दिन पता चला. मैं आया नहीं. कैसे आता?"

उमा बसली नाही. "एकच विचारायचंय. त्या दिवशी त्यांनी इथे घेतली का?"

"नहीं."

"एखादा घोट? चव बघायला?"

"अदी, सुन." सिंधीत बहिणीला म्हणतात तसं तो तिला म्हणाला. "बाटली हाथ में ली, तो साहब ने पहले चश्मा पोंछा. लेबल पढ़ा, उल्टी करके देखी, नख लगाया. बोले, चंदर, ये असली है. मैंने बोला, साहब, इतने साल से ढूँढ रहे हो, इधरच बैठो पीछे, खोलो, मेरी तरफ से. मेरे को बोले, पागल है क्या? पार्टनर मार डालेगा मेरे को." चंदरने नाक शिंकरलं. "मैंने बोला डिकी में रखो. बोले, नहीं, डिकी में उछलेगी तो तले का गाळ हिल जाएगा. शर्ट का बटन खोला और अंदर डाल दी, बेल्ट में. ऐसे. बच्चे के माफिक."

त्याने आपल्या पोटावर हात ठेवून दाखवलं. उमाने नजर वळवली. मागच्या भिंतीशी रिकामी खोकी रचलेली होती. त्यांच्यावर परक्या लिपीतली अक्षरं होती आणि ती तिने एकेक करून वाचायचा प्रयत्न केला.

"घरी याल?" तिने विचारलं. "आईला हे एवढंच सांगायला? ती समजतेय की ते पिऊन गाडी चालवत होते. सगळेच तसं समजताहेत."

चंदरचा चेहरा बदलला. "घर पे? मैं?"

"कुणाला नाव सांगायचं नाही. फक्त आईला."

"वो माल का कागज नहीं है, अदी. एक्सीडेंट का केस है, पुलिस घूम रहा है, बाटली किधर से आई पूछेगा. मैं भाभीजी के सामने बोलेगा, भाभीजी साहब के भाई को बोलेगी, भाई वकील को. मेरा लाइसेंस जाएगा, तीन लड़कियाँ हैं मेरी." त्याने हात जोडले. "मेरे को मत बुला. और मेरी कौन मानेगा? दारूवाले की?"

"मग कोण सांगणार?"

त्याला त्या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं असावं. "तू बोल ना. पार्टनर तो तू है."

शटर वर करताना तो म्हणाला, त्या बाटलीची जोडीदार अजून त्याच्याकडे आहे, ती तिने घेऊन जावी. उमाने मान हलवली. बाहेरचे पुरुष पुन्हा बाजूला झाले. या वेळी कुणी हसलं नाही. शटरआड काय झालं असेल याचा हिशेब ते करत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही आणि आपल्याला काही वाटत नाही हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

शंका फिटली होती. आता सबब उरली नव्हती. तरीही ती बोलली नाही. त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती, तेव्हा नाही. दहाव्याला सगळे नदीवर गेले आणि घरात दोघीच होत्या, तेव्हाही नाही. "आई," अशी तिने सुरुवात केली होती.

"काय?"

"काही नाही. पाणी आणू?"

तेराव्याला घर माणसांनी भरलं. सकाळची पूजा झाली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, गोडाचं जेवण मांडायचं होतं. भिंतीशी पाटावर हेमचंद्रांचा मोठा केलेला फोटो ठेवला होता, कपाळाला गंध लावलेला. शेजारी ताटात हार. जेवणं बसण्याआधी तो घालायचा आणि घालायचा मालिनीबाईंनी, असं ठरलेलं. पण त्या सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या.

डोंबिवलीचे गुप्ते नवराबायको आले होते. मुलीचा बाप गेला की लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून अण्णांनी त्यांना आजच बोलावलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांच्याशेजारी बसून अण्णा बोलत होते. आवाज हळू ठेवला होता, पण अण्णांचा हळू आवाजही स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा.

"तुम्ही घरचे होणार म्हणून स्पष्ट सांगतो. लोकांकडून कळण्यापेक्षा आमच्याकडून कळलेलं बरं. हेमूला ती एक सवय होती. तेवढी सोडली तर माणूस सोन्यासारखा."

"असतं हो," गुप्ते म्हणाले. "हल्ली कुठे नसतं?"

"मुलीच्या अंगावर त्याचा शिंतोडाही नाही. ती आणि तिची पुस्तकं. घरात बाटली कुठे ठेवतात ते तिला माहीत नसेल."

"ते दिसतंच," गुप्तेबाई म्हणाल्या. "चेहऱ्यावरूनच कळतं."

मालिनीबाई वाट्यांमध्ये खीर घालत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. उमा त्यांच्या शेजारी पुऱ्यांचं ताट धरून उभी होती.

"मालिनी," अण्णांनी हाक मारली. "हार घालून घे. पानं घ्यायची आहेत."

"तुम्ही घाला," आतूनच मालिनीबाई म्हणाल्या.

बाहेरची बोलणी थांबली.

"अगं, तुझा मान आहे तो."

"मला नको तो मान."

वृंदामावशी लगबगीने आत आली. "मालू, काय हे? लोक बघताहेत. चार माणसांत त्यांची शोभा करतेस?"

"त्यांनी माझी नाही केली?" मालिनीबाईंनी पळी पातेल्यात ठेवली. तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "दादा गेला तेव्हा याच हातांनी मी त्याचे कपडे धुतले होते, वृंदा. तो वास त्यांना माहीत होता. मला त्या वासाची किती भीती वाटते, ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि मला तोच वास देऊन गेले. आता हार घालू? घालून काय म्हणू? की इतकी वर्षं मी मूर्ख होते?"

"हळू बोल गं."

"मी हळूच बोलत आले."

अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे होते. त्यांच्यामागे गुप्तेबाईंची जांभळी पैठणी दिसत होती. "उमा," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "आईला आत खोलीत ने. हार मी घालतो. प्यायला होता, गेला, संपलं. आता किती दिवस तेच उगाळायचं?"

उमाने पुऱ्यांचं ताट ओट्यावर ठेवलं. तिचे हात तेलकट झाले होते. ते तिने पदराला पुसले. अण्णांच्या मागे किती जण आहेत, ते तिला दिसत होतं. आईला खोलीत न्यावं, दार लावून घ्यावं आणि मग सांगावं, असा एक विचार आला. त्याच विचाराने तेरा दिवस गेले होते.

"अण्णा, बाबा प्यायलेले नव्हते," ती म्हणाली.

"बरं, बरं. चल आता."

"नव्हते. बाटली त्यांच्या शर्टात होती. ती फुटली. म्हणून वास आला. ती उघडलेलीच नव्हती."

"तू काय बघायला गेली होतीस?" अण्णा चिडले. "मी नाकाने घेतलाय तो वास. आणि ती उघडली नसेल, दुसरी उघडली असेल. पिणाऱ्याचं कुणी सांगावं?"

"मी सांगते."

मालिनीबाई वळून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातात खिरीची वाटी होती. उमाने अण्णांकडे पाठ केली, पण आवाज खाली आणला नाही.

"आई, बाबा एकटे कधीच पीत नव्हते. मी बसायला लागल्यापासून एकदाही नाही. तू भजनाला गेलीस की आम्ही दोघं बसायचो. ते दोन ग्लास थंड आणि कोमट नव्हते, त्यातला एक माझा होता. मला नोकरी लागली तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर प्यायलेय. दोघं असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असं आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी दुकानदाराने बस म्हटलं तरी ते बसले नाहीत. ती बाटली ते माझ्यासाठी राखून आणत होते."

"उमा!" वृंदामावशी म्हणाली.

"तू?" मालिनीबाई म्हणाल्या. इतकंच.

"हो. मी." उमा म्हणाली. "त्यांनी तुला दिलेला शब्द पाळला, आई. लपवलं ते आम्ही दोघांनी. आणि मी केवळ त्यांच्यासाठी बसत नव्हते. मला आवडायचं ते. त्यांच्याबरोबर पिणं मला फार आवडायचं."